फ्रेममध्ये कापड बसवताना : म्हैसूर क्रेपवर मशीनचं भरतकाम

मी बोलतेय म्हैसूरहून. इकडे मराठी बोलणारे कोण, असं बरेच जण विचारतात. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली नामदेव शिंपी आणि भावसार समाजाची घरं आहेत. कापड, रंग आणि शिलाई हाच त्यांचा जुना धंदा. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि हातात कात्री, अशा घरांपैकीच आमचं एक.

आजचा विषय छोटा वाटेल. भरतकामाच्या मशीनच्या फ्रेममध्ये कापड कसं बसवायचं, एवढंच. मशीन कुठलं घ्यावं, डिझाइन कुठून आणावं, दोरा कुठला वापरावा यावर सगळे बोलतात. फ्रेमवर मात्र कुणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाही. आणि काम बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

नुकसान किती मोठं असतं ते आधी सांगते. म्हैसूर सिल्कच्या साडीला ब्लाउजपीस जोडूनच येतो. एकच. त्याच रंगाचं, त्याच पोताचं कापड नंतर दुकानात शोधायला गेलात तर रंगात उन्नीस-बीस फरक पडतोच. म्हणजे फ्रेमचा वळ उठला, कापड गोळा झालं, तर दुसरा पीस नाही. आणि साडी लग्नाची असेल तर पुढचं मी सांगायला नको. घरी काम घेणारी बाई त्या एका ब्लाउजमध्ये महिन्याची कमाई आणि गल्लीतलं नाव दोन्ही गमावू शकते. म्हणून आज उदाहरण क्रेपचंच घेते. क्रेप ज्यांना जमलं त्यांना खण, इरकल, कॉटन सगळं सोपं जातं.

क्रेप असं का वागतं?

म्हैसूरचा सरकारी रेशीम कारखाना १९१२ साली, नाल्वडी कृष्णराज वडियार महाराजांच्या काळात सुरू झाला. आज तो कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाकडे आहे. इथलं क्रेप हातात घेऊन बघा. सुळसुळीत असतं, पण काचेसारखं गुळगुळीत नसतं. अगदी बारीक दाणेदार पोत असतो. तो येतो पिळातून. रेशमाच्या धाग्याला खूप पीळ देतात, काही धाग्यांना उजवा, काहींना डावा. विणून झाल्यावर कापड उकळून रेशमावरचा डिंक काढतात. डिंक निघाला की पीळ उलगडायला बघतो, उजवा एकीकडे खेचतो, डावा दुसरीकडे, आणि त्या ओढाताणीत कापडावर बारीक कण उठतात.

याचा आपल्या कामाशी संबंध काय? तर क्रेप म्हणजे दाबून बसवलेली स्प्रिंग आहे असं समजा. ओढलं तर ताणतं, सोडलं तर परत जागेवर जातं. पाणी किंवा वाफ लागली तर आकसतं. दोन रिंगांमध्ये घट्ट दाबलं तर दाणे चपटे होतात आणि चकचकीत गोल वळ दिसतो. तिन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं.

फ्रेम नेमकं काय काम करते?

भरतकामाच्या मशीनमध्ये सुई फक्त वर-खाली होते. डावी-उजवीकडे, पुढे-मागे जाते ती फ्रेम. ही कल्पना जुनी आहे. १८२८ साली फ्रान्समधल्या म्युलूझ गावात जोसुए हाइलमान यांनी भरतकामाचं यंत्र केलं, त्यातही कापड ताणलेली चौकटच हलायची. १८६३ साली स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी शिफली मशीन आणलं, त्यातही तेच. आज सुरतच्या कारखान्यातलं अनेक डोक्यांचं मशीन घ्या, नाहीतर तुमच्या जेवणाच्या टेबलावरचं छोटं मशीन, तत्त्व बदललेलं नाही.

म्हणजे मशीनला कापड दिसत नाही, त्याला फक्त फ्रेम कळते. फ्रेम दोन मिलिमीटर सरकली की कापडही दोन मिलिमीटर सरकलं असं ते धरून चालतं. कापड मधेच सैल असेल, घसरलं, ताणलं, तर पानाची कड एकीकडे आणि भराव दुसरीकडे जातो. मग आपण म्हणतो, "डिझाइन खराब आहे." बऱ्याचदा डिझाइन चांगलं असतं, कापड हललेलं असतं.

आता शिकवताना सगळे सांगतात, कापड ढोलकीसारखं ताणा. कॉटनला हे चालतं. क्रेपला चालत नाही. क्रेप ताणून त्यावर दहा हजार टाके घातले की टाक्यांखालचं कापड ताणलेल्या स्थितीतच बांधलं जातं. फ्रेम काढली की भोवतालचं कापड परत आकसतं, टाक्यांखालचं आकसू शकत नाही. मग फुलाभोवती चुण्या. इस्त्रीने त्या जात नाहीत, कारण ती घडी नव्हे, लांबीतला फरक आहे.

म्हणून आमच्याकडचा नियम असा: ढोलकीसारखं ताणायचं ते खालचं बॅकिंग. क्रेपने त्यावर नुसतं झोपायचं.

बॅकिंग कुठलं?

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. फाडून काढायचं, कापून काढायचं आणि पाण्यात विरघळणारं. क्रेपसाठी फाडायचं नको, कारण फाडताना टाके आणि कापड दोन्ही खेचलं जातं. पाण्यात विरघळणारंही नको, क्रेप भिजवायचंच नाही. राहिलं कापून काढायचं. पातळ, मऊ, जाळीसारखं नॉनवोव्हन घ्या. ते कायमचं मागे राहतं आणि टाक्यांना आधार देतं.

ब्लाउजमध्ये आपली एक सोय आहे, अस्तर. मागचं बॅकिंग अंगाला टोचेल ही चिंता नाही, ते अस्तराखाली झाकलं जातं. काही जणी सुती अस्तरच बॅकिंग म्हणून वापरतात, त्याच्या खाली एक पातळ नॉनवोव्हन लावून. चांगली पद्धत आहे, पण अस्तर आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री केलेलं हवं. कोरं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं क्रेप फुगतं.

पद्धत पहिली : दोन्ही एकत्र फ्रेममध्ये

साध्या कॉटनला, खणाला, इरकलला ही पद्धत वापरा. बाहेरची रिंग टेबलावर सपाट ठेवा, स्क्रू आधीच अंदाजाने सैल करा. त्यावर बॅकिंग, त्यावर कापड. आतली रिंग वरून सरळ दाबा, स्क्रूच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करून स्क्रूकडे या. स्क्रू थोडा आवळा. आतली रिंग बाहेरच्या रिंगेपेक्षा खालच्या बाजूला केसभर बाहेर आली पाहिजे, म्हणजे पकड नीट बसली.

आता महत्त्वाचं. फ्रेम लावल्यावर कापडाची टोकं धरून ओढायची नाहीत. सगळ्यांना ती सवय असते. तिरकं ओढलं की उभा-आडवा धागा वाकडा होतो आणि गोल डिझाइन अंडाकृती येतं. सैल वाटलं तर रिंग काढा आणि परत लावा.

ताण बरोबर आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. कापडावर कच्च्या दोऱ्याने ५ सेंटिमीटरचा चौकोन टाका. फ्रेम लावल्यावर पट्टी ठेवा. ५ चे ५ सव्वापाच झाले तर तुम्ही कापड ताणलंय. पंधरा दिवस हे करा, नंतर हाताला आपोआप समजतं.

पद्धत दुसरी : फक्त बॅकिंग फ्रेममध्ये, कापड वर

क्रेपसाठी हीच. वेल्वेटसाठीही हीच, कारण त्याची लव दबली की उठत नाही. फ्रेममध्ये फक्त बॅकिंग घट्ट बसवायचं, बोटाने टिचकी मारली की टणक आवाज आला पाहिजे. त्यावर पेन्सिलीने मधला उभा-आडवा अक्ष काढा. ब्लाउजपीसवर तोच अक्ष दोऱ्याने टाका. दोन्ही अक्ष जुळवून कापड वर ठेवा आणि मधून बाहेर हाताने हलकेच सपाट करा. दाबायचं नाही, ओढायचं नाही.

आता ते जागेवर राहायला हवं. काही जण चिकट स्प्रे मारतात. रेशमावर मी तो अजिबात सुचवत नाही, डाग पडला तर धुता येत नाही. त्याऐवजी डिझाइनच्या भोवती कच्चा धावदोरा घाला. बऱ्याच मशीनमध्ये डिझाइनभोवती चौकोनी कच्ची टीप घालायची सोय असते. नसेल तर हाताने घाला, पाच मिनिटांचं काम आहे. दोरा बारीक, टाका लांब. वापरायचे असतील तर रेशमाच्या बारीक टाचण्या डिझाइनपासून लांब लावा, सुई टाचणीवर आपटली तर सुई तुटतेच आणि मशीनचा टायमिंगही जाऊ शकतो.

बाकीचं लोंबतं कापड सैल गुंडाळून क्लिपा लावा. ते टेबलाखाली लटकलं तर त्याच्या वजनाने फ्रेम ओढली जाते. मशीनच्या हाताखाली दुमडलेलं कापड गेलं नाही ना, हे सुरू करण्याआधी हात फिरवून बघाच.

पद्धत तिसरी : चुंबकाची फ्रेम

खालची चौकट धातूची, वरच्या पट्ट्या चुंबकाच्या. घासून दाबायचं नसल्यामुळे वळ कमी येतो, आणि शिवलेल्या जाड वस्तूंना ती फारच सोयीची. पण ती तुमच्या मशीनच्या मॉडेलसाठीच बनवलेली हवी. चुंबक जोरदार असतात, बोट सापडतं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्यापासून दूर ठेवा. नवीन शिकणारीने पहिल्या दिवशीच यात पैसे घालण्याची गरज नाही. साध्या फ्रेमच्या आतल्या रिंगेला पातळ सुती पट्टी गुंडाळली तरी पकड वाढते आणि वळ कमी होतो.

साध्या मशीनवर करत असाल तर

सगळ्यांकडे कॉम्प्युटरचं मशीन नसतं आणि त्यावाचून अडतही नाही. साध्या किंवा झिगझॅग मशीनवर फूट काढून, दाते खाली करून, रिंग हाताने फिरवत सुंदर काम होतं. इथे दोन गोष्टी विसरू नका. हाताच्या भरतकामात कापड रिंगेच्या वरच्या कडेला असतं. मशीनवर रिंग उलटी, कापड खालच्या कडेला, म्हणजे ते मशीनच्या पाटावर टेकतं. आणि फूट काढला असला तरी फूटचा दांडा खाली करायचाच. तो वर राहिला तर दोऱ्याला टेन्शन मिळत नाही आणि खाली दोऱ्यांचं जाळं होतं.

सुई, दोरा, टाके

क्रेपला ११ नंबरची, भरतकामासाठीची नवी सुई घ्या. जरीचा दोरा असेल तर १४ नंबर, मोठ्या नाकाची, आणि वेग कमी. साधारण आठ तास चालली की सुई बदला. बोथट सुई टोचताना 'टक टक' असा जड आवाज करते आणि रेशमाचा धागा ओढते. वर ४० नंबरचा रेयॉन किंवा पॉलिएस्टर दोरा, खाली बॉबीनचा बारीक दोरा.

डिझाइन निवडताना घट्ट भरलेलं मोठं कमळ क्रेपवर नको. ४० नंबरच्या दोऱ्याला टाक्यांच्या ओळींतलं अंतर सहसा ०.४ मिलिमीटर धरतात. क्रेपसाठी ते ०.४५ ते ०.५ करा. मधून सुरू होऊन बाहेर जाणारं डिझाइन घ्या, म्हणजे कापडाची लाट बाहेरच्या बाजूला निघून जाते. जरीच्या काठावर ना टाका घाला ना रिंग दाबा. म्हैसूर सिल्कची अस्सल जर म्हणजे चांदीवर सोन्याचा मुलामा. सुईने ती तार तुटते आणि रिंगेने मोडते.

कापण्याआधी भरतकाम

ब्लाउज आधी कापून मग भरतकाम करू नका. पीसवर पाठ, बाही, गळा दोऱ्याने आखून घ्या, चारी बाजूंनी माया ठेवा, भरतकाम करा आणि मगच कापा. भरतकामाने कापड थोडं आत येतं, म्हणून कापण्याआधी पेपर पॅटर्न परत एकदा लावून बघा. काठाजवळ फ्रेमला कापड पुरत नसेल तर साध्या कापडाची पट्टी तात्पुरती जोडा. खुणेला पेन वापरू नका. उष्णतेने पुसली जाणारी शाई थंडीत परत उमटू शकते.

आधी नमुना कराच. डिझाइन आणि रंग स्वस्त पॉलिएस्टर क्रेपवर तपासा. सुई आणि वळ तपासायला बाही आणि पाठ यांच्या मधला वाया जाणारा कोपरा ठेवा.

आणि समजा वळ उठलाच? काम काढून रात्रभर टांगून ठेवा, दाणा बराचसा आपोआप उठतो. राहिला तर वाया गेलेल्या तुकड्यावर आधी करून बघा, मग उलट बाजूने, लांबून, क्षणभर वाफ. इस्त्री टेकवायची नाही.

कसुती मशीनवर होते का?

हा प्रश्न धारवाड-बेळगावकडच्या मैत्रिणी हमखास विचारतात. कसुती धागे मोजून, गाठ न मारता करतात. गवंती, मुरगी, नेयगी आणि हेंती हे तिचे चार टाके. चंद्रकळेवरची गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं आठवा. गवंतीत धावदोरा जातो आणि येताना रिकाम्या जागा भरतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. बॉबीनलाही वरचाच रंग आणि तोच दोरा घातला तर मागची बाजू बरीच जवळ येते, पण ती गवंती होत नाही. मशीन धागे मोजत नाही, ते मिलिमीटर मोजतं. म्हणून मशीनच्या कामाला 'कसुती नमुना' म्हणा, कसुती म्हणून विकू नका. त्या कलेला जीआय मानांकन आहे, आणि हाताने करणाऱ्या बायकांचं पोट त्या नावावर आहे.

फ्रेमचं माप आणि बिल

मशीन घेणार असाल तर टाक्यांच्या संख्येआधी फ्रेमचं माप विचारा. १०० बाय १०० मिलिमीटरच्या मशीनवर बुट्टे, रुमाल, लहान मुलांचे कपडे छान होतात. पण एका बाहीच्या पट्टीला तीनदा फ्रेम लावावी लागते आणि तिन्ही वेळा जोड जुळावा लागतो. ब्लाउजचीच कामं घ्यायची असतील तर निदान १३० बाय १८० बघा, जमलं तर त्याहून मोठं. आणि फ्रेमचं बाहेरचं माप नव्हे, आत प्रत्यक्ष टाके पडतात ते माप विचारा. पैशांची जुळणी करायची असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. तुम्ही त्यात बसता का, ते चौकशी करून बघा.

शेवटी हिशोब. पाठीच्या गळ्याचे दोन भाग ९,००० टाक्यांचे, दोन बाह्या ६,००० च्या. एकूण ३०,००० टाके. मिनिटाला ६०० टाक्यांनी मशीन चालतं ५० मिनिटं. पण चार वेळा फ्रेम, प्रत्येकी १५ मिनिटं, हा झाला एक तास. दोरे बदलणं-कापणं अर्धा तास, नमुना २० मिनिटं. म्हणजे २ तास ४० मिनिटांत मशीन चाललं तासाभरापेक्षा कमी. ज्या टाक्यांवर बिल करतात त्या या ५० मिनिटांचेच पैसे घेतात. बाकीचे जवळपास दोन तास फुकट जातात, आणि त्यातलं सर्वांत कौशल्याचं काम म्हणजे फ्रेम लावणं. वरलक्ष्मी आणि दसऱ्याच्या गर्दीत हेच तास रात्रीच्या झोपेतून निघतात. म्हणून दर ठरवताना फ्रेम किती वेळा लागणार ते मोजा आणि त्याचा आकडा वेगळा धरा. गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं की पटतं.

तर या आठवड्यात एवढंच करा. ५ सेंटिमीटरचा चौकोन टाका, फ्रेम लावा, मोजा. दहा वेळा. मशीन सुरूसुद्धा करू नका. काय फरक दिसला ते मला नक्की कळवा, शंका असतील तर विचारा. पुढच्या भागात गळ्याचे दोन अर्धे दोन वेळा फ्रेम लावून मध्यावर कसे जुळवायचे ते बघू.